दोन्ही काटे एकदम चुकत असतील तर सेन्सर बदलू नका

जुन्या डिझेल पिकअपचे टेम्परेचरचे आणि डिझेलचे काटे बिघडले की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सेन्सर बदलून बघू.’ माझ्या गाडीला दोन्ही नवे बसले, दोष तसाच राहिला. राग पैशांपेक्षा याचा येतो की लक्षण समोर होतं. हेडलाइट लावली की दोन्ही काटे वर चढायचे, बंद केली की उतरायचे. टाकीतलं युनिट (डिझेलची पातळी मोजणारा फ्लोटचा सेन्सर) आणि इंजिनावरचा सेन्सर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोन्ही एकाच वेळी चुकतात म्हणजे दोष सामायिक जागी असतो, एकतर मीटरच्या सप्लायमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेत.

एकच काटा चुकत असेल तर काम सोपं आहे. सेन्सरची वायर काढा, चावी ऑन करा. काटा तळाला बसला पाहिजे. मग ती वायर ३३ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर मधे घालून इंजिनच्या उघड्या धातूला लावा. काटा सावकाश वर गेला तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर गेला. वायर थेट अर्थला धरून ठेवू नका, मीटरमधली कॉइल जळते. (काही टाकी युनिटं उलटी चालतात, टाकी भरली की ओहम वाढतात. त्यांना ही चाचणी उलटी वाचायची.)

आता सप्लाय. सावकाश चढणाऱ्या जुन्या काट्यांना स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) साधारण १० व्होल्ट देतो. जुन्या पद्धतीचा असेल तर त्यात तापून उघडणारा कॉन्टॅक्ट असतो, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडे उड्या मारतात. तेवढ्यावरून तो फेकू नका. आउटपुटला टेस्ट लॅम्प लावा. लुकलुकला तर स्टॅबिलायझर जिवंत. सतत पेटलेला राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलाय, काटे वर राहणार. पेटलाच नाही तर दोन्ही काटे मेलेले. बदली म्हणून ७८१० आयसी (१० व्होल्टचा रेग्युलेटर) चालतो: इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि आयसीची पत्र्याची पाठ अर्थ केलेल्या धातूला स्क्रूने घट्ट.

माझा स्टॅबिलायझर लुकलुकत होता. उरलं अर्थिंग, आणि खरी अडवणूक इथेच झाली. दाखवावं तिथे उत्तर एकच, ‘अर्थिंग ओके आहे’. पुरावा काय, तर टेस्ट लॅम्प पेटतो आणि मल्टिमीटर बीप देतो. पण ५ वॅटचा लॅम्प अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही आणि बीपसाठी लागणारा करंट त्याहून किती तरी कमी. धाग्याएवढी तार शिल्लक असली तरी दोन्ही पास होतात. अर्थिंग लोड टाकूनच मोजायचं असतं.

पद्धत अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू करा. मग लाल पिन एकेका जागी टेकवत जा: इंजिन ब्लॉक, चॅसिस, टाकीच्या युनिटचा फ्लँज, केबिनचा पत्रा, शेवटी मीटरची अर्थ पिन. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला की ती वाट खराब. माझ्याकडे ब्लॉक आणि चॅसिस स्वच्छ, केबिनच्या पत्र्यावर १.६ व्होल्ट. मीटरची अर्थ तेवढी वर उचलली गेली की स्टॅबिलायझरचे १० व्होल्ट चॅसिसच्या हिशेबात ११.६ होतात. सेन्सर चॅसिसच्या बाजूला अर्थ झालेले, म्हणून दोन्ही काटे एकदम चढतात.

पिकअपची केबिन रबर माउंटिंगवर बसते, म्हणजे चॅसिसपासून सुटी. दोघांना जोडणारी एक तांब्याची वेणीची पट्टी असते, बहुतेक चिखल आणि अंडरकोटिंगखाली गाडलेली. वरून पट्टी अखंड दिसत होती. बोल्ट सोडल्यावर थिंबलच्या (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) आत तांब्याची हिरवी भुकटी निघाली. अशा वेळी करंट ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलमधून परत जातो. केबल गरम लागली तर हीच शंका घ्या.

१६ चौरस मिमीची लवचीक केबल घ्या, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवा. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, स्टार वायसर घाला, घट्ट करा आणि नंतर वरून ग्रीस. माझा आकडा ०.०५ वर आला आणि काटे हलायचे थांबले. इतका आनंद मोठ्या कामानंतरही झाला नव्हता.

टेम्परेचर सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, एका वायरच्या सेन्सरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. काटा कायम खाली असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का ते आधी बघा. आणि कूलंट कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो, इंजिन उकळत असताना काटा मात्र थंड दाखवतो. घाट चढण्याआधी, इंजिन गार असताना लेव्हल डोळ्यांनी बघा.

टाकीचं युनिट घेताना जुन्याचे ओहम रिकाम्या आणि भरल्या स्थितीत मोजून कागदावर न्या. काउंटरवर ‘हेच लागतं’ म्हणून दिलेलं दिसायला हुबेहूब आणि ओहमला वेगळं असू शकतं. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत डिझेल खळखळलं तर तो बुडणारच, काटा रिकामीच दाखवणार. युनिट बसल्यावर जवळपास रिकाम्या टाकीत १०-१० लिटर टाका आणि दर वेळी काटा कुठे थांबतो ते डॅशवर पेन्सिलीने खूण करून ठेवा.