कांगारूचे डोळे

ॲडलेडला आल्यावर हे फूल मी आधी पाहिलं ते चहाच्या कपांवर आणि टॉवेलांवर. लालभडक, मधोमध काळंभोर बटण. चित्रकाराने जरा जास्तच रंगवलंय, असं वाटलं. त्यात नाव 'स्टर्ट्स डेझर्ट पी', म्हणजे वाळवंटातला वाटाणा. वाटाण्याचा असला थाट?

मग एका ऑगस्टमध्ये आम्ही उत्तरेला निघालो. पोर्ट ऑगस्टा तीनशेएक किलोमीटर. तिथून स्ट्युअर्ट हायवे धरला की झाडं बुटकी होत होत संपतात आणि माती तांबडी होते. काही आठवड्यांपूर्वी तिकडे पाऊस झाला होता. पिंबाच्या अलीकडे नवऱ्याने गाडी हळू केली. "कुणाचा कपडा पडलाय का गं तिथे?"

कपडा नव्हता. रस्त्याकडेला, पावसाचं पाणी वाहून जिथे मुरतं त्या पट्ट्यात, ते जमिनीवर चौफेर पसरलं होतं. पानं राखाडी हिरवी, त्यांवर बारीक पांढरी लव. सरळ उभा जाड दांडा आणि त्याच्या टोकाला पाच-सहा फुलं, माना खाली घालून. एकेक फूल चांगलं 9 सेंटीमीटरचं. एक पाकळी वर ताठ, दुसरी चोचीसारखी खाली. मला हादगा आठवला, आणि तो लांबचा नातलगच आहे म्हणा. पण मधला तो काळा फुगवटा हादग्याला कुठला! ओल्या जांभळासारखा तुकतुकीत. इथले पित्यंत्यात्यारा आदिवासी लोक याला 'मलुकुरु' म्हणतात. मलु म्हणजे कांगारू, कुरु म्हणजे डोळा. हे नाव ऐकल्यापासून मला त्यात दुसरं काही दिसतच नाही.

तिथूनच आईला व्हिडिओ पाठवला. रात्री फोनवर पहिलं वाक्य, "देवाला दोन तरी आणायचीस!" तिला सांगितलं, हे साउथ ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे, 1961 पासून. सरकारी जमिनीवरचं परवान्याशिवाय तोडणं गुन्हा आहे. "फुलाला कसला आलाय परवाना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्टर्ट म्हणजे चार्ल्स स्टर्ट. 1844 मध्ये तो ॲडलेडहून खंडाच्या मध्याकडे निघाला, तिथे समुद्र असेल या आशेने चक्क होडी बरोबर घेऊन. समुद्र मिळाला नाही, वाटेत ही फुलं मात्र रग्गड दिसली. (हायवे ज्याच्या नावाचा, तो स्ट्युअर्ट वेगळा. तोही याच मोहिमेत होता. मी वर्षभर दोघांना एकच समजत होते.) खरं तर हे फूल युरोपात पहिल्यांदा नेलं विल्यम डॅम्पियरने, 1699 मध्ये, पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून. एकेकाळचा समुद्री चाचा तो! त्याने वाळवून नेलेला नमुना ऑक्सफर्डला अजून जपून ठेवलाय. नाव मात्र दीडशे वर्षांनी आलेल्या स्टर्टचं लागलं.

तोडता येत नाही तर लावू या, म्हणून नर्सरीतून बियांचं पाकीट आणलं. पहिल्या खेपेला कडधान्यासारख्या रात्रभर भिजत घातल्या. सकाळी जशाच्या तशा, खड्यासारख्या. यांचं कवच इतकं टणक की मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, भरपूर पाऊस झाल्याशिवाय हलत नाहीत. मग एकेक बी चिमटीत धरून सँडपेपरवर घासली. डाळीएवढी बी ती. निम्मा वेळ माझी नखंच घासली गेली. पण पुन्हा भिजवल्यावर सकाळी टम्म फुगल्या! चार दिवसांनी कोंब.

ते कोंब हौसेने मोठ्या कुंडीत हलवले आणि आठवड्यात सगळे गेले. हे रोप आधी खाली जातं, मग वर येतं. सोटमूळ सरळ खोल जातं, आणि त्याला धक्का लागलेला खपत नाही. दुसऱ्या खेपेला बी थेट कुंडीत टोचली, पण माझा हात पाण्याला सढळ. बुंधा कुजला.

तिसरं रोप उंच कुंडीत आहे, निम्मी वाळू घातलेल्या मातीत. नवऱ्याने झारी गॅरेजमध्ये नेऊन ठेवलीय. काल पहिला दांडा वर आला, टोकाला लव असलेल्या कळ्या. आईचा रोज सकाळी एकच मेसेज, "डोळे उघडले का?"