तुम्ही विचारलंत म्हणून: पाच वर्षांतले दोन दिवस

"इतकी वर्षं औषधं देताय, मग नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पुन्हा वर्गात कशाला बसायचं?" गिऱ्हाइकं विचारतात, नात्यातले विचारतात. सगळ्यात जास्त विचारतात ते आपल्यातलेच, श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत एकट्याने दुकान सांभाळणारे फार्मासिस्ट. दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देऊन थकलो, म्हणून एकदा सगळं लिहितो.

नियम छोटा आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 प्रमाणे पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स, प्रत्येक किमान एका दिवसाचा. नुसती फी भरून भागत नाही. फी थकली तर रजिस्टरमधून नाव निघतं, ती भरली की परत लागतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मीही पूर्वी म्हणायचो, हा हजेरीचा कागद आहे. सही करायची, भाषणं ऐकायची, सर्टिफिकेट घ्यायचं. काही ठिकाणी आजही तसंच चालतं, ते झाकून ठेवणार नाही. पण तेव्हा मी एक गोष्ट विसरत होतो. डी.फार्म.चा, म्हणजे फार्मसीच्या पदविकेचा, 1991चा अभ्यासक्रम 2020 पर्यंत चालला. त्यावर शिकलेल्या माणसाला शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी, कॉलेजात भेटलेलंच नाही, कारण ते लागू झालं 1 मार्च 2014 ला. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहून ती वही तीन वर्षं जपायची, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

तरी माझं मत बदललं ते वहीमुळे नाही, इन्शुलिनमुळे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत हवं. माणसं घाबरून कुपी थेट बर्फात खुपसतात, आणि बर्फाला खेटलेली कुपी गोठू शकते. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर कधी अगदी पहिल्यासारखं दिसतं, पण ते वापरायचं नाही. ढगाळ मिश्र इन्शुलिनमध्ये गुठळ्या किंवा काचेला आतून पांढरा थर दिसला तर ते टाकूनच द्यायचं. पेटीत तळाला बर्फ, त्यावर पुठ्ठा किंवा जाड टॉवेल, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत कुपी आणि सोबत थर्मामीटर, अशी रचना हवी. ओल्या फडक्याचं मडकं सुचवणारे असतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते कामाचं आहे. आपल्याकडे आषाढात हवाच ओलीचिंब. पाणी उडत नाही, मग मडकं गार कशाने होणार? वापरातली कुपी मात्र फ्रिजबाहेर, 25 ते 30 अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत 28 दिवस चालते. पत्रक वाचायचं आणि उघडल्याची तारीख कुपीवर लिहायची.

याहून मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडची नेहमीची कुपी एका मिलिलिटरला 40 युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्शुलिन पेनचं कार्ट्रिज मिलिलिटरला 100 युनिटचं, आणि 100 च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. घर सोडताना पेन राहिलं, कार्ट्रिज तेवढं हाती आलं आणि त्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 खुणांपर्यंत भरलं, तर आत जातं अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 युनिट. अडीच पट. साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस शुद्ध हरपतो. हे फळ्यावर लिहून डोक्यात बसत नाही. दोन्ही सिरिंज हातात देऊन पाणी भरायला लावावं लागतं. म्हणून सगळं ऑनलाइन करा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एच-वनसाठी ऑनलाइन चालेल, यासाठी नाही.

आता तुमची बाजू. फार्मासिस्ट दुकानात नसेल तर चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही. शेजारच्या गावातला बोलवावा तर त्याचं नाव त्याच्या दुकानाच्या परवान्याला जोडलेलं. म्हणजे दाभोळचा माणूस रत्नागिरीला वर्गाला गेला की त्या दिवशी गावात औषधच नाही. ज्या नियमाने शिकायला पाठवायचं, त्याच्याच शेजारचा नियम दुकानाला कुलूप लावतो. हे चुकीचं आहे, आणि मी त्याचं समर्थन करत नाही. दोन दिवस जास्त आहेत असं मात्र अजूनही म्हणवत नाही. हे सगळं शिकायला ते कमीच पडतात.

वर्ग तालुक्याला घ्या, अर्ध्या अर्ध्या दिवसाचे घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या, असं सुचवून पाहिलं. त्यावर तुम्हीच म्हणालात, मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, दुकानात गर्दी तेव्हाच. खरं आहे. जूननंतर ठेवला तर पाणी आधी येऊ शकतं. तारीख कुठली धरावी, ते मला अजून सांगता येत नाही.