घोड्याचे पुढे काय झाले?

नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या सभागृहात दर रविवारी दुपारी दहा-बारा जण वाचनासाठी जमतात. गेल्या पावसाळ्यात मी तेथे शर्यतीच्या घोड्यांच्या खऱ्या हकिकती सांगण्यास घेतल्या, तेव्हा पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. "रेसच्या नादानं आमच्या चाळीतली दोन घरं बसली, मास्तर," असे गिरणगावात वाढलेले एक आजोबा म्हणाले. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे आहे आणि त्याच्या आसपास वाढलेल्या पिढ्यांनी हे सारे जवळून पाहिले आहे, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पैज माणूस लावतो, घोडा लावत नाही, एवढेच म्हणून मी बार्बारोची हकिकत सुरू केली.

२००६ च्या मे महिन्यात बार्बारोने केंटकी डर्बी ही अमेरिकेतील शर्यत साडेसहा लेंग्थने, म्हणजे साडेसहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली आणि दोनच आठवड्यांनी, प्रीकनेस शर्यतीच्या अगदी सुरुवातीला, त्याचा उजवा मागचा पाय अनेक ठिकाणी मोडला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. लोकांनी त्याच्यासाठी फुले, शुभेच्छापत्रे, सफरचंदे आणि गाजरे पाठवली. येथे निवृत्त परिचारिका असलेल्या एका मावशींनी मला थांबवले. "प्लास्टर घालून त्याला निजवून का नाही ठेवलं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण त्याचे उत्तर घोड्याच्या शरीराच्या घडणीतच आहे. सुमारे ५०० किलोंचे हे जनावर फार काळ आडवे राहू शकत नाही. आपल्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबतात. उभे ठेवावे, तर दुखऱ्या पायाचा भार धडधाकट पायावर पडतो आणि त्या पायाच्या खुराचे कवच व आतील हाड यांना जोडणारे नाजूक पापुद्रे सुजून सुटू लागतात. बार्बारोच्या डाव्या मागच्या पायाचे तसेच झाले, पुढे तो विकार पुढच्या पायांतही उतरला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शय्याव्रण होऊ नयेत म्हणून आम्ही पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचो. त्या बिचाऱ्याला वळवणार तरी कसं?"

फार लॅप हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला घोडा. मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातील शर्यत १९३० मध्ये जिंकून १९३२ मध्ये तो कॅलिफोर्नियात अचानक मरण पावला. त्याचे हृदय कॅनबेरात, कातडे मेलबर्नमध्ये आणि सांगाडा वेलिंग्टनमध्ये जपून ठेवला आहे, हे मी कौतुकाने सांगितले. पण श्रोत्यांना ते मुळीच रुचले नाही. "एका ठिकाणी मूठमाती तरी द्यायची होती," असे एक वहिनी कळवळून म्हणाल्या आणि मला माझ्या कौतुकाचा पुनर्विचार करावा लागला.

सर्वांत अवघड रविवार फर्डिनांडचा होता. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकणारा आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम घोडा ठरलेला फर्डिनांड प्रजननासाठी जपानला विकला गेला आणि मागणी सरल्यावर, २००२ मध्ये, त्याची रवानगी कत्तलखान्यात झाली. ही बातमी फुटल्यानंतर अमेरिकेत संताप उसळला आणि घोडा परत विकत घेण्याचा हक्क राखणारी कलमे विक्रीच्या करारांत येऊ लागली. जुन्नरकडचे एक काका, ज्यांच्या घरी पूर्वी शर्यतीचे बैल होते, ताडकन म्हणाले, "म्हातारा झाला म्हणून दावणीच्या बैलाला बाजार दाखवायचा?" पण क्षणभराने त्यांनीच मान खाली घातली. दुष्काळात चारा संपला, की गावोगावी तेच घडते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. बैलगाडा शर्यतींना २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली तेव्हा त्यांना आनंद झाला होता. तो आनंद आजही आहे, मात्र शर्यतीतून सुटलेल्या बैलाचे काय, हे निकालाच्या दिवशी आपण कोणीच विचारले नाही, असे ते म्हणाले. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार भावला.

तेव्हापासून कोणतीही हकिकत निवडताना मी आधी त्या घोड्याची शेवटची वर्षे शोधतो, कारण कोण जिंकले हे माझ्या श्रोत्यांपैकी क्वचितच कोणी विचारते. गेल्या रविवारी सीबिस्किट सांगितला. १९३८ मध्ये पिम्लिको येथे त्याने वॉर अ‍ॅडमिरल या घोड्याला चार लेंग्थने हरवले, तो भाग सर्वांनी शांतपणे ऐकला. १९४७ मध्ये तो मालकाच्या कुरणावरच वारला, त्याला तेथेच पुरले, जागा बाहेर कोणालाही सांगितली नाही आणि वर ओकचे रोप लावले, हे ऐकताच जुन्नरचे काका पुढे सरकून बसले.

"आमच्या सर्जाला आम्ही बांधावरच पुरला," ते म्हणाले. "वर आंबा लावलाय. यंदा चांगला लागलाय."