तुम्ही विचारलंत म्हणून : पामच्या मधल्या रानात काय घ्यायचं?

आंध्रातल्या एलुरूकडं जाऊन ऑइल पामच्या बागा बघून आलो, तेव्हापासून आष्ट्याच्या बाजारात भेटा नाहीतर कुणाच्या लग्नात, एकच प्रश्न येतो. काका, ते तेलाचं झाड लावलं तर घड येईपर्यंत तीन-चार वर्षं खायचं काय, मधल्या मोकळ्या रानात काय घालू? बहुतेकांचं रान एक-दोन एकर, त्यामुळं हा प्रश्न पोटाचाच आहे आणि त्याचं उत्तर घाईनं द्यायला मला आवडत नाही.

आधी रान डोळ्यासमोर आणा. झाडं 9 मीटरवर त्रिकोणी पद्धतीनं लावतात, एकरी साधारण 57 बसतात, आणि दोन ओळींत पावणेआठ मीटर म्हणजे 25 फूट राहतात. आपल्या साडेचार फुटी सरीच्या हिशेबानं बघायला गेलं तर पाच-साडेपाच सऱ्या, आणि रोपं गुडघ्याएवढी असताना ते रान इतकं मोकळं दिसतं की माणसाला वाटतं इथं काहीही येईल. फसगत तिथंच होते. पहिल्या वर्षी झाडाभोवतीचं आळं बुंध्यापासून 1 मीटर, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 3. दोन्ही बाजूंची आळी वजा करा, म्हणजे पहिल्या वर्षी चार सऱ्या, दुसऱ्या वर्षी जेमतेम अडीच आणि तिसऱ्या वर्षी सहा फुटांचा एक पट्टा हातात राहतो. आंतरपीक दरवर्षी आखडतं घ्यायचं, हे ज्याला पटत नाही त्यानं पाम लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मी स्वतः हे भोगलंय. बांधालगतच्या नारळाच्या रोपांत दोन वर्षं मका केला, मका डोक्याच्या वर गेला आणि खालची रोपं पिवळी पडत गेली. वर पेरणीच्या घाईत रोटर अगदी बुंध्याजवळनं फिरवला. नंतर कुदळीनं उकरून बघितलं तर तुटलेल्या मुळ्यांचे झुपके मातीत तसेच पडलेले, टोकं काळी झालेली. ती ओळ अजून शेजारच्या ओळीच्या मागं आहे. पामचीसुद्धा अन्न-पाणी ओढणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि हे झाड 25-30 वर्षं घड देतं, मग एका मक्यापायी त्याचा पाया कशाला ढिला करायचा?

तिकडं पहिल्या वर्षांत मका, मिरची, भाजीपाला, केळी, तंबाखू सगळं बघायला मिळतं. आपल्याकडं मी भुईमूग, सोयाबीन, हरभरा सांगेन, बुटकी पिकं, लवकर निघणारी, बेवड चांगला, म्हणजे पुढच्या पिकाला रान चांगलं ठेवणारी. हळदीचं सगळे विचारतात, सांगलीच आहे शेवटी. पहिली दोन वर्षं मधल्या पट्ट्यात घ्या, पण काढणीला खणताना आळ्यात शिरायचं नाही. ऊस अजिबात नको, तो पाणी आणि खत दोन्ही ओढतो आणि रोपाला दाबतो. आंतरपिकाला ऊन लागावं म्हणून झावळ्या कापायच्या किंवा वर बांधायच्या असलं तर कुणी सांगितलं तरी करू नका. अडीच-तीन वर्षं फुलोरासुद्धा काढून टाकतात, बुंधा भरावा म्हणून, म्हणजे तोवर झाडाकडनं रुपया येत नाही आणि घर चालतं ते ह्या मधल्या पट्ट्यावरच. सरकारच्या 2021 च्या खाद्यतेल मिशनमध्ये रोपांसाठीची मदत हेक्टरी 12 हजारांवरून 29 हजार केली, आंतरपिकालाही मदत धरली, त्याचा आधार आहेच, पण रोजचा भाजी-किराणा त्यातनं निघत नाही.

चौथ्या वर्षापासनं झावळ्या एकमेकींना भिडून सावली दाट होते, खाली काही धड येत नाही. पुढं झाडं उंच झाली की ऊन झिरपायला लागतं, तिथं आंध्रातली माणसं कोको लावतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पिवळं फळ दगडावर आपटून फोडलं, आत पांढऱ्या गराचे दाणे, चोखले तर आंबटगोड, सीताफळासारखं काहीतरी. पायाखाली झावळ्यांचा जाड थर, तोच कुजून खत होतो, तिथं पाय ठेवला तरी माती थंड लागत होती. फार सुख वाटलं ते बघून. पण आपल्या कोरड्या वाऱ्यात कोको लावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि पाण्याचं बोला की जरा. घड धरलेल्या एका झाडाला दिवसाला 150 ते 200 लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे एकराला रोज साडेआठ ते साडेअकरा हजार लिटर फक्त पामचं, आंतरपिकाचं वेगळं. कृष्णाकाठच्या माणसाला हे जमेल, पण जतच्या माझ्या मेहुण्यानं विचारलं तेव्हा त्याला मी सरळ नको म्हटलं, त्याला वाईट वाटलं तरी.

म्हणून आता कुणी आंतरपीक काय घालू विचारलं की मी आधी उलट विचारतो, घड कुठं घालणार? तोडल्यापासून 24 तासांत घड कारखान्यात गेला पाहिजे, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं, उसाची तोड होऊन मोळ्या दोन दिवस फडात पडल्या की जीव कसा कासावीस होतो तसंच ते. कारखाना कुठं, गाडी कोण लावणार, दर कसा ठरणार, एवढं लेखी हातात घेऊन या, मग आपण दोघं रानात जाऊ, टेप धरू आणि भुईमुगाच्या ओळी किती बसतात ते मोजू.