तीन हजार तास आणि आत्याचा एक फोन

सांगलीहून आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मिळालं का गं लायसन्स?" दुसऱ्याच्या संसारात लक्ष घालायला परवाना लागतो, हेच तिला पटत नाही. तिने स्वतः गल्लीतली निदान चार भांडणं चहाच्या कपावर मिटवलीत, तीही बिनपरवाना.

मी कॅलिफोर्नियात तेच काम करते. इथे त्याला 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' म्हणतात आणि लायसन्स देतं ते राज्याचं बोर्ड. असा कायदा देशात पहिल्यांदा याच राज्याने केला, १९६३ साली. पुण्यात एम.ए. मानसशास्त्र झालं होतं, पण त्यावर भागलं नाही. ६० युनिट्सची मास्टर्स पुन्हा केली. मग बोटांचे ठसे, 'असोसिएट' म्हणून नोंदणी, आणि त्यानंतर खरी वारी: सुपरव्हायझरच्या हाताखाली ३,००० तास, किमान १०४ आठवडे.

तास म्हणजे नुसती हजेरी नव्हे. त्यातले १,७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे हवेत आणि त्यातलेही ५०० जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्यासोबतचे. आठवड्याला ४० च्या वर एक तासही धरत नाहीत. दर आठवड्याचा तक्ता भरायचा, सुपरव्हायझरची सही घ्यायची. ज्या आठवड्यात सुपरव्हिजन नाही, त्या आठवड्यातले तास शून्य. आमच्या सुपरव्हायझरबाई फ्लूने पडल्या, क्लिनिकने बदली माणूस दिला नाही आणि माझे बावीस तास पाण्यात गेले. पगारही असा की नवऱ्याची नोकरी नसती तर मी कधीच सोडून दिलं असतं. हे इथलं कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

माझं घोडं अडलं त्या ५०० पाशी. आपल्याकडच्या बायका यायच्या, एकट्या. (तपशील बदललेत.) एकीचा नवरा तिला सोडायला यायचा आणि खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून ऑफिसचे कॉल घ्यायचा. खिडकीतून मला त्याच्या लॅपटॉपचा उजेड दिसायचा. सहा आठवडे वर जोडप्यातला एक, खाली दुसरा, आणि माझ्या 'जोडपी' रकान्यात भोपळा. सातव्या आठवड्यात तो वर आला, कारण लॅपटॉपची बॅटरी संपली होती. दाराजवळच्या खुर्चीत बसला, बूट हलवत. पण बसला. शेवटी रकाना भरला तो एका शाळेतल्या मुलांमुळे.

परीक्षा दोन. कायदा आणि नीतीची त्यातल्या त्यात बरी. क्लिनिकलची १७० प्रश्नांची, चार तास. चारही पर्याय बरोबर वाटतात आणि विचारतात, आधी काय कराल? माझा हात सारखा 'समजूत घालेन'कडे जायचा. आत्याचे संस्कार. ते उत्तर बहुतेक वेळा चूक असतं.

ऑनलाइन सेशन असेल तर नियमानुसार दर वेळी सुरुवातीला विचारायचं, आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, पत्ता सांगा. पहिल्यांदा मला ओशाळायला व्हायचं. मग एकदा क्लायंट म्हणाली, ताहोला आलेय फिरायला. ताहो तळ्याच्या मधून राज्याची हद्द जाते. एका रस्त्यावर कॅलिफोर्निया संपतो आणि पुढच्या कॅसिनोपासून नेवाडा. तिचं हॉटेल पलीकडे होतं. सुपरव्हायझरला मेसेज केला, उत्तर आलं: थांबव. आम्ही पुढच्या मंगळवारची वेळ ठरवून फोन ठेवला.

गेल्या महिन्यात लायसन्सचा नंबर आला. आत्याला कळवलं तर तिचं काम तयारच होतं. शेजारच्या काकूंची मुलगी डॅलसला असते, जावयाशी बोलणं बंद आहे, जरा बघ.

"आत्या, डॅलस टेक्सासमध्ये. माझं लायसन्स तिथे चालत नाही."

"अगं, पण अमेरिकाच ना ती?"

"हो, पण राज्य वेगळं."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "बरं, राहू दे. नंबर आहे माझ्याकडे, मीच बोलते."