वेतोबाच्या वहाणा आणि एक पंचनामा

रहस्यकादंबरीचं हस्तलिखित हातात आलं की मी आधी पंचनामा शोधून वाचते. प्रेत कुठे होतं, दार आतून लावलेलं होतं का, ठसे कसले. तिथे लेखकाने हयगय केली असेल तर पुढे कितीही धावपळ असो, पुस्तक उभं राहत नाही. पुण्यातल्या आमच्या प्रकाशनाकडे गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका कादंबरीचा पंचनामा मात्र मी लगेच दुसऱ्यांदा वाचला.

लेखक वेंगुर्ल्याकडचा, तरुण, नोकरी सांभाळून लिहिणारा. कादंबरीतलं गाव काल्पनिक असलं तरी त्यामागे आरवली गावचा राखणदार देव वेतोबा उभा आहे हे कोकणातला कोणीही ओळखेल. आरवलीला वेतोबाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. या वहाणा माणसाच्या मापाहून कितीतरी मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. कादंबरीत जमिनीच्या एका दलालाचा खून होतो, आणि प्रेतापासून देवळापर्यंत ओल्या मातीत त्या भल्यामोठ्या वहाणांचे ठसे सापडतात. गाव म्हणतं, देवाने शिक्षा केली. फौजदार म्हणतो, कोणीतरी देवळातल्या वहाणा घालून चालत गेलं.

पहिल्या मसुद्यात खुनी होता मुंबईहून आलेला, देवधर्म न मानणारा पुतण्या. कारण गावात वाढलेला माणूस देवाच्या वहाणेत पाय घालणारच नाही. ही मांडणी मला फार आवडली होती. श्रद्धा इथे भीती घालायला आणलेली नव्हती, तिने संशयितांची यादी छोटी केली होती. आपल्याकडच्या लोककथांवर बेतलेल्या बऱ्याच रहस्यकथा इथेच मार खातात. हडळ येते, मुंजा येतो, चकवा रस्ता भुलवतो, आणि शेवटी गुन्हा उकलतो तो मोबाईलच्या लोकेशनवरून. मग ते भूत कशाला हवं होतं? वेताळपंचविशीतला वेताळसुद्धा राजाला नुसता घाबरवत नाही, न्यायाचा प्रश्न विचारतो आणि उत्तर मागतो.

तरी पुतण्याचा संशय पहिल्या प्रकरणापासूनच येत होता. लेखक पुण्याला आला तेव्हा दुपारभर त्यावरच बोलणं झालं. शेवटी मी त्याला खाली कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडे नेलं. काका कोल्हापूरकडचे, वहाणा बांधण्यात आयुष्य गेलेले. एवढ्या मोठ्या वहाणेत माणसाचा पाय कसा पडेल, एवढंच आम्हाला विचारायचं होतं.

काकांनी दुरुस्तीला आलेली एक कोल्हापुरी उलटी केली. टाचेची बाहेरची कड खाल्लेली, अंगठ्याखाली खळगा.

"चालणाऱ्याचं वजन आधी इथं पडतंय, मग इथं," टाचेवरून अंगठ्याकडे बोट नेत ते म्हणाले. "मोठ्या वहाणंत पुढचं टोक मातीत नीट उठायचंच नाही ताई. टाच फरफटणार. तुमच्या गोष्टीत ठसा कसा हाय?"

लेखकाने पान काढून वाचलं. टोकापासून टाचेपर्यंत स्वच्छ, सगळीकडे सारखी खोली.

"मग त्यो चाललाच नाही. हातात धरून दाबल्यात."

लेखक एकदम गप्प झाला. मग त्याच्याच कादंबरीतल्या म्हातारीचं वाक्य पुटपुटला, "व्हाणांत पाय घालूचो धीर कोणाक होतलो?"

माझ्या अंगावर काटा आला. देव न मानणाऱ्याने त्या वहाणा सरळ पायात घातल्या असत्या. त्या हातात धरून, वाकून, एकेक ठसा उमटवत जाणारा माणूस खून करू शकत होता, पण देवाच्या वहाणेत पाय घालू शकत नव्हता. खुनी भक्तच होता!

मी लगेच विचारलं, मग त्याचे स्वतःचे पाय कुठे उमटले? लेखकाकडे याचं उत्तर तयार होतं. वाटेच्या कडेने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, गेला आहे, त्यावरून चालत खाली वाकायचं. वर्णनासाठी म्हणून तो गडगा पंचनाम्यात आधीच होता. ठसे त्याला धरूनच का गेलेत, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

खुनी कोण हे इथे सांगत नाही, पुस्तक यायचं आहे. नव्या मसुद्यात मी एकाच गोष्टीवर अडून राहिले. फौजदाराने ठशांचा उलगडा करावा, देवळातल्या वहाणा का झिजतात याचा नाही. त्याचा तपास खुनाचा आहे, गावाच्या देवाचा नाही. लेखकाला ते पटवावं लागलं नाही. काकांचं म्हणणं आता कोर्टात एका वहाणा बांधणाऱ्या कारागिराच्या साक्षीत आलं आहे, आणि उलटतपासणीची ती चार पानं मी एका शब्दानेही कमी केलेली नाहीत.