पंचमीची भाजी

आज ऋषिपंचमी. दुपारी पोरीनं फोटो पाठवला. पातेलंभर पंचमीची भाजी आणि खाली लिहिलेलं, "आई, सगळं गच्चीवरचं. अळू, माठ, दोडका, भेंडी, बरबटी. बैलाचा पाय लागला नाही की ट्रॅक्टरचं चाक." मी 'छान' लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या पातेल्यातली भाजी बाजारातली. बाई पंचमीचे वाटे करूनच बसली होती. अळवाची दोन पानं, कोहळ्याची फोड, दोडक्याचा तुकडा, अर्धं कणीस, मूठभर माठ. कुठला माल म्हणून विचारलं तर म्हणाली, कळमन्याचा. म्हणजे नागपूरहून गाडीनं आलेला. कोणत्या शिवारात पिकला, किती फवारे बसले, तिलाही ठाऊक नाही. पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हातानं लावलेलं खायचं. पोळा होऊन पाच दिवस झालेले असतात, त्या मुक्या जीवाला तेवढाच मान. सासूबाईंचा हा नेम कधी मोडला नाही, कारण मोडायची वेळच आली नाही. मागच्या दारी सगळं होतं.

आता पुण्यात, इमारतीच्या माथ्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत तो नेम पाळला जातो. आणि चहूकडे वावरं असलेल्या गावात मी वाटे विकत आणते. हा हेवा आहे का? पोटच्या पोरीचा कोणी हेवा करतं का? पण दुसरा शब्द सापडत नाही. पोरगी सुखात आहे, घरचं खाते, हे पाहून आनंदच व्हायला हवा. झालाही. आणि त्या आनंदाच्या खाली काहीतरी सलत राहिलं.

न्हाणीचं पाणी जिथे निघायचं तिथे अळू होता. त्याला कधी वेगळं पाणी घातल्याचं आठवत नाही. उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल, तो गोठ्याच्या कवेलूंवर चढायचा आणि कोहळं मोठं झालं की खालून टेकू द्यावा लागायचा. कुंपणावर पोपटाचा म्हणजे वालाचा वेल, थंडीत शेंगाच शेंगा. सांबार (कोथिंबीर), लसूण, भेद्रं (टोमॅटो) तर काय, हात लांब केला की मिळायचं. वावरात पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या तासात बरबटी आणि वाळकं, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी. निंदायला गेलेली बाई रिकाम्या ओटीनं परत येतच नसे. पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी, ती तर कोणी लावतही नव्हतं.

कशानं गेलं म्हणावं? एकदम नाही गेलं. न्हाणीचं बाथरूम झालं, पाणी पाइपातून थेट नालीत गेलं आणि अळू वाळला. चिखल नको म्हणून मागचं अंगण सिमेंटचं झालं. गुरं विकली, उकिरडाही गेला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, मग पाहता पाहता कृषी केंद्रात दुसरं बियाणंच दिसेना. कपाशी धुऱ्यापर्यंत आली, तिच्यामागून तणनाशक आलं. त्याला अंबाडी काय आणि केना काय, सगळं सारखंच. एका फवाऱ्यात धुरा पिवळा. आणि २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून वावरातली भाजी खुडायला माझा हात धजत नाही. ह्यांच्या आजारपणात वावर मक्त्यानं दिलं. आता तिथे काय फवारतात ते आपण कोणत्या तोंडानं विचारावं? ते राहू दे.

सप्टेंबरात पोषण महिना असतो. अंगणवाडीत मी बायांना परसबाग सांगते. हिरवी पालेभाजी, लोह, लेकरांचं वजन. बाया नीट ऐकून घेतात आणि विचारतात, "मॅडम, माकडं कोन हाकलंन?" खरं आहे त्यांचं. माकड कोवळा दोडका खाऊन गेलं तर चालेल एकवेळ, पण ते वेलच ओढून फेकतं. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बाईनं काठी घेऊन मांडवाखाली बसायचं का? या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नाही.

पोरीकडे माकडं नाहीत, पण तिचंही सोपं नव्हतं. स्लॅब गळेल म्हणून सोसायटीनं बराच काळ अडवलं. शेवटी तिनं मातीच जवळजवळ वगळली, कारण ओल्या मातीचं वजन फार. डब्याला खाली भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग वाळका पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, थरावर थर. शेण, गोमूत्र आणि काळा गूळ पाण्यात कालवून तीन दिवस ठेवायचं आणि ते पातळ करून पाल्यावर शिंपायचं. कुजलं की काळंभोर, भुसभुशीत होतं, त्यात पीक. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून ही वाट निघाली म्हणते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटलांनी तिथल्याच कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली, तेही कौतुकानं सांगते. शेण मात्र तिला विकत घ्यावं लागतं. हे ऐकून मी गप्प झाले होते.

दिवेलागणीला पुन्हा तिचा फोन. मनात आलं, आज उचलू नये. उचलला.

"आई, दुधीला बारके दुधी धरतात, बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात. खत कमी पडतं का?"

म्हटलं, फोन वेलाकडे फिरव. जावयांनी फोन धरला, तिनं टॉर्च. पांढरी फुलं नुकतीच उमलली होती. दुधीचं फूल उमलतंच सांजेला, त्याचं सगळं रात्रीच्या पाखरांवर चालतं. तिथे एवढ्या वर पाखरू पोचलं नसेल. सांगितलं, लांब बारीक देठावरचं, मागे काही नाही ते नर. फुलाच्या मागे लव असलेला इवला दुधी आहे ती मादी. नराचं फूल तोड, पाकळ्या मागे सार, मधला दांडा मादीच्या मधोमध टेकव, हळूच फिरव. तिनं केलं. पिवळी भुकटी लागलेली मला इथून दिसली.

मला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. झड लागली की पाखरं फिरत नाहीत, तेव्हा सासूबाई असंच करायच्या आणि मी कंदील धरायची.

"बी कुठलं गं हे?" मी विचारलं.

"आपल्याच तुंब्यातलं. राखेतलं नेलं होतं ना मी. दरसाल एक दुधी वेलावरच वाळू देते."

मग बराच वेळ बोललो. बाकीचं इथे नाही लिहीत. फोन ठेवल्यावर दुपारपासूनचं ते सलणं जरा सैल झालं. हेवा आहेच, नाही कशाला म्हणू? ऑफिसमधून आली की ती आधी वर धावते, चहा नंतर. मीही अशीच मागच्या दारी धावायची, त्या धावण्याचा हेवा आहे हा. तो तिच्याकडे आहे, याचं बरंही वाटतं. सगळंच इथे राहायला हवं होतं असं कुठे आहे?

मिस्त्री म्हणतो, बाथरूमचा पाइप नालीत जाण्याआधी भिंतीच्या कोपऱ्याकडे वळवता येतो. तिथलं सिमेंट हातभर फोडलं की अळू लागेल. मागे शेण आणि पाला टाकेन, शेण अजून तरी गावात मागून मिळतं. अळू घशाला खवखवतो, माकडं त्याच्या वाटेला जात नाहीत. हळदीलाही तोंड लावत नाहीत, तर उन्हाळ्याच्या शेवटी वायगावच्या हळदीचे चार गड्डे आणून लावू. दुधीचं बी पोरगी दिवाळीला आणते म्हणाली. त्याला मांडव आणि वरून जाळी लागेल. जाळीला पैसे लागतील, ते मक्त्याच्या पैशातून काढायचे तर आधी ह्यांच्याशी बोलायला हवं.